'ऑल्ड लँग साइन'मधला 'साइन'

प्रश्न : माझ्या भाच्याचे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील तीन वर्षांचे शिक्षण पूर्ण झाले, तेव्हा दीक्षान्त संचलनाला आम्ही घरची सगळी मंडळी हजर होतो. शेवटी छात्र संथ पावले टाकत 'अंतिम पग', म्हणजे प्रबोधिनीतल्या शेवटच्या पावलाची खूण, ओलांडत असताना बँडवर जी धून वाजत होती, ती 'ऑल्ड लँग साइन' या गाण्याची असल्याचे शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी सांगितले. 'साइन' म्हणजे खूण, तेव्हा 'जुन्या काळाची खूण' असा त्याचा अर्थ, असेही ते म्हणाले. मला ते पटले नाही. हा शब्द कोणत्या भाषेतला आहे आणि त्याचा नेमका अर्थ काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. खूण, चिन्ह किंवा सही या अर्थाच्या इंग्रजी 'साइन'शी या शब्दाचा काहीही संबंध नाही. कानाला दोन्ही सारखेच वाटतात, पण त्यांची स्पेलिंगे वेगळी आहेत आणि कुळेही वेगळी आहेत. गाण्यातला 'साइन' हा स्कॉटलंडमधील स्कॉट्स भाषेतला एक जुना शब्द असून येथे त्याचा अर्थ 'पूर्वी', 'मागे' असा आहे. 'ऑल्ड' म्हणजे जुने, 'लँग' म्हणजे लांब, दीर्घ, आणि 'साइन' म्हणजे पूर्वी. नुसते 'लँग साइन' म्हटले तरी 'फार पूर्वी' हा अर्थ पुरा होतो. पुढे हा जोडशब्द नामासारखा वापरला जाऊ लागला, म्हणजे 'फार पूर्वी'चे 'फार पूर्वीचे दिवस' झाले, आणि मग त्याला 'जुने' हे विशेषणही चिकटले. मराठीत 'पूर्वी' हे अव्यय असले तरी 'पूर्वीची माणसे', 'पूर्वीसारखे दिवस' असे प्रयोग आपण सहज करतो, तसाच हा प्रकार समजावा.

उत्तर एवढ्यावर थांबवता आले असते. पण या शब्दाला आणखी एक अर्थ आहे आणि तो पहिल्याच्या अगदी उलट दिशेचा वाटतो. 'साइन' म्हणजे 'मग', 'त्यानंतर' असेही होते. ज्या रॉबर्ट बर्न्सच्या नावाने हे गाणे जगभर गेले, त्याच कवीच्या 'टॅम ओ शँटर' या दीर्घकाव्यात (१७९१) याचे सुरेख उदाहरण सापडते. टॅम नावाचा शेतकरी बाजाराच्या दिवशी भरपूर मद्य पिऊन वादळी रात्री घोडीवरून घरी निघतो. वाटेत अ‍ॅलोवेच्या पडक्या चर्चमध्ये त्याला दिवे लागलेले दिसतात. आत सैतान स्वतः बॅगपाइप वाजवत आहे आणि चेटकिणी नाचत आहेत. टॅम बाहेरून पाहत राहतो, आणि त्यांतली एक तरुण चेटकीण आखूड झगा घालून नाचू लागते, तेव्हा कवी म्हणतो : 'फर्स्ट ए केपर, साइन अनिदर, टॅम टिंट हिज रीझन ऑ थगिदर.' म्हणजे, आधी एक उडी, मग दुसरी, आणि टॅमचे भान पार हरपले. येथे 'साइन'च्या जागी मराठीत 'मग' याखेरीज दुसरा शब्द घालताच येणार नाही. ('टिंट' म्हणजे गमावले. हाही जुना स्कॉट्स शब्दच.) 'सून ऑर साइन' असा एक वाक्प्रचार आहे, त्याचा अर्थ 'आज ना उद्या', शब्दशः 'लवकर किंवा मागाहून'. म्हणजे येथे तर हा शब्द थेट भविष्याकडे बोट दाखवतो.

एकच शब्द 'मागे' आणि 'मग' या दोन्हींसाठी कसा चालतो, असे कोणालाही वाटेल. पण मराठी माणसाने त्याचे नवल करू नये. आपला 'परवा' पाहा. 'परवा आलो' आणि 'परवा येईन' या दोन वाक्यांत तो शब्द आजच्या दोन विरुद्ध बाजूंना जाऊन बसतो, आणि तरी बोलणाऱ्याचा किंवा ऐकणाऱ्याचा कधी घोटाळा होत नाही, कारण क्रियापद काळ सांगून टाकते. 'साइन'च्या बाबतीत हे काम शेजारचे शब्द करतात. आधी 'लँग' आला की अर्थ 'पूर्वी'. दोन घटना एकामागोमाग सांगायच्या असल्या आणि त्यांच्या मध्ये हा शब्द आला, की अर्थ 'मग'.

मुळाशी गेले की हे कोडे आणखी सुटते. जुन्या इंग्रजीत 'त्यानंतर' या अर्थाचा 'सिथ्थन' असा शब्द होता, आणि जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत, त्याचा भाऊ शोभेल असा 'सीथन' होता. 'साइन' हे याच घराण्यातले आटलेले रूप, आणि इंग्रजीतला रोजचा 'सिन्स' हाही त्यांचाच नातेवाईक. मूळ अर्थ 'त्यानंतर' एवढाच धरला की दोन्ही वाटा दिसू लागतात. भूतकाळातल्या एखाद्या क्षणी उभे राहून पुढे पाहिले तर 'त्यानंतर' म्हणजे 'मग', आणि आजच्या दिवशी उभे राहून 'त्यानंतर किती काळ लोटला' असे मोजले तर तोच शब्द 'पूर्वी' होतो. स्वीडिश भाषेत आजही 'सेदान' हा एकच शब्द 'मग' या अर्थानेही चालतो आणि 'फार वर्षांपूर्वी' म्हणताना 'पूर्वी' या अर्थानेही चालतो. स्कॉट्समधली ही दुहेरी चाल कवीने पाडलेली नाही. ती त्या सगळ्या उत्तरेकडील भाषांच्या अंगातच आहे. जॉन बार्बर याने १३७५च्या सुमारास स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्यावर जे महाकाव्य रचले, त्यात 'मग' या अर्थाचा 'साइन' ठिकठिकाणी आढळतो. म्हणजे खडकवासल्याला आपण ज्या शब्दाची धून ऐकलीत, तो लेखनात निदान साडेसहाशे वर्षे जुना आहे.

उच्चाराबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण ही चूक जगभर होते आणि मीही कित्येक वर्षे करत होतो. यातला पहिला वर्ण 'स' आहे. पुष्कळ लोक, त्यात इंग्रज आणि अमेरिकनही आले, 'लँग झाइन' असे गातात. स्कॉटलंडमधल्या माणसाच्या कानाला ते लगेच खटकते.

हा शब्दप्रयोग बर्न्सने घडवला, असा समज आहे. तोही बरोबर नाही. डिसेंबर १७८८मध्ये आपल्या स्नेही डनलॉपबाईंना गाण्याच्या ओळी धाडताना 'ऑल्ड लँग साइन' हा स्कॉट्स वाक्प्रचार किती अर्थवाही आहे, असे त्याने स्वतःच लिहिले आहे. जो वाक्प्रचार आधीपासून लोकांच्या तोंडी असतो, त्याचेच कोणी असे कौतुक करतो. जेम्स वॉटसन या मुद्रकाने १७११मध्येच 'ओल्ड लाँग साइन' या नावाचे एक गीत छापले होते. आपण हे गाणे एका म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकून उतरवून घेतले, असे बर्न्सने १७९३मध्ये जॉर्ज थॉमसन या संग्राहकाला कळवले. त्यात जुने किती आणि त्याच्या स्वतःच्या हातचे किती, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. माझे मत विचाराल तर बालपणीच्या मैत्रीची जी दोन कडवी आहेत, त्यांत बर्न्सचा हात स्पष्ट दिसतो. गाणे छापून आले ते १७९६च्या अखेरीस, आणि तो त्याच वर्षी जुलैत वारला होता. आज आपण ऐकतो ती चाल तर थॉमसनने १७९९च्या संग्रहात या शब्दांना जोडली.

चालीचा प्रवास हा वेगळाच विषय आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी तिच्या आधारे 'पुरानो शेइ दिनेर कथा' हे गीत रचले, जपानमध्ये ती शाळेच्या निरोप समारंभाची चाल झाली, आणि मालदीवचे राष्ट्रगीत १९७२पर्यंत याच चालीवर गायले जात असे. धून सर्वत्र पोचली, शब्द मात्र मागे राहिले. आपल्या शेजारच्या गृहस्थांचा गैरसमज त्यातूनच झाला असावा, तेव्हा त्यांना दोष देऊ नये.

प्रश्न : आमच्या गायनवृंदात वर्षाअखेरीच्या कार्यक्रमासाठी हे गाणे इंग्रजी पुस्तकावरून बसवत आहोत. शेवटच्या कडव्यात 'विली वॉट' असा कोणी तरी येतो. हा विली कोण? आणि आमच्यातले काही जण त्याला 'विली-वॉट' नावाचे पेय म्हणतात, ते खरे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : येथे विली नावाचा माणूस नाही आणि त्या नावाचे पेयही नाही. शब्द चुकीच्या ठिकाणी तोडल्यामुळे ही दोन्ही मंडळी जन्माला आली आहेत.

मूळ ओळीत 'गुड-विली' हा एक शब्द आहे आणि 'वाख्त' हा दुसरा. जोडरेघ आहे ती 'गुड' आणि 'विली' यांच्या मध्ये. 'गुड' म्हणजे चांगली, 'विल' म्हणजे इच्छा किंवा भावना, आणि शेवटचा 'ई' हा विशेषण करणारा प्रत्यय. म्हणून 'गुड-विली' म्हणजे सद्भावनेचा, मनमोकळा, जिव्हाळ्याचा. याच घडणीचा उलट शब्दही स्कॉट्समध्ये आहे : 'इल-विली', म्हणजे आकसखोर, मनात वाईट धरणारा. 'वाख्त' म्हणजे एका दमात घेतलेला मोठा घोट. त्यातला 'ख' हा घशातून घासून येणारा आहे, 'लॉख' म्हणजे तळे या शब्दात येतो तसा. इंग्रजीने तो ध्वनी केव्हाच टाकून दिला, स्कॉट्सने तो राखला. पुस्तकावरून गाणारे इंग्रज त्याला 'वॉट' म्हणतात आणि आपणही त्यांचेच ऐकून तसे म्हणतो. तेव्हा ओळीचा अर्थ असा : चल, सद्भावनेचा एक भरघोस घोट घेऊ, त्या जुन्या दिवसांखातर.

मग हा विली शिरला कोठून? 'गुड' हा सर्वांना कळणारा शब्द. तो वेगळा काढला की पुढे 'विली-वाख्त' असा तुकडा उरतो, आणि काही तरी जुनाट पेय असेल असे समजून लोक तो उचलतात. ही चूक इतकी जुनी आहे की लेखकांनीही 'विली-वाख्त' हा शब्द स्वतंत्रपणे वापरला आणि स्कॉट्स कोशकारांना तो चुकीच्या पदच्छेदातून आल्याची नोंद करावी लागली. गणपतीच्या आरतीत 'फणिवरबंधना'चे 'फळीवर वंदना' कसे होते, ते आपल्या प्रत्येक घराने ऐकले आहे. नागाचा कमरबंध बांधणारा देव बाजूला राहतो आणि एक फळी येऊन बसते, आणि तरी म्हणणाऱ्याचा भाव तसूभरही कमी होत नाही. विलीचेही तसेच आहे. तरीपण आपण गाणे बसवतच आहात, तर 'गुड-विली' एका श्वासात म्हणावे, क्षणभर थांबावे आणि मग 'वाख्त' म्हणावे. एवढ्याने ओळ जागेवर येईल.

याच गाण्यातले आणखी दोन शब्द आपल्याला अडतील. 'गोवन' म्हणजे डोंगरउतारावर उगवणारी डेझीसारखी रानफुले. 'बर्न' म्हणजे ओढा, जळणे नव्हे. आपल्या इंग्रजी पुस्तकात कदाचित त्या कडव्याखाली टीप असेल. नसल्यास मुलांना आधी सांगून ठेवावे.

प्रश्न : स्कॉट्स ही भाषा आहे की इंग्रजीची बोली? आणि गेलिक ती हीच का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सरळ आहे. गेलिक ती ही नव्हे. गेलिक ही केल्टिक कुळातली, आयरिशच्या जवळची भाषा असून स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवर आणि डोंगराळ भागात तिचा वावर आहे. स्कॉट्स ही जर्मानिक कुळातली, इंग्रजीची सख्खी बहीण आहे. उत्तर इंग्लंडमधील जुन्या इंग्रजीपासून ती निघाली. इंग्रजीने 'होम', 'स्टोन', 'लाँग' असे ओकार-उच्चार घेतले तेथे स्कॉट्सने 'हेम', 'स्टेन', 'लँग' ही रूपे धरून ठेवली. आपल्या गाण्यातला 'लँग' त्यांपैकीच एक.

पहिला प्रश्न अवघड आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकात स्कॉट्स ही स्कॉटलंडच्या दरबाराची, कायद्याची आणि काव्याची भाषा होती. १६०३मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसून लंडनला गेला, १७०७मध्ये दोन्ही संसदा एक झाल्या, आणि लिहिण्याची भाषा इंग्रजी ठरली. अठराव्या शतकात एडिंबरोचे सुशिक्षित लोक आपल्या लेखनातून स्कॉट्स शब्द वेचून बाहेर टाकू लागले. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७५२मध्ये टाळावयाच्या अशा प्रयोगांची यादीच छापली. अशा वातावरणात बर्न्सने १७८६मध्ये किल्मार्नक गावी आपला पहिला संग्रह काढला. त्याच्या ६१२ प्रती छापल्या होत्या आणि शीर्षकातच 'मुख्यतः स्कॉटिश बोलीतील कविता' असे म्हटले होते. 'बोली' हा शब्द त्याने स्वतः वापरला म्हणून तो आज पुराव्यासारखा पुढे केला जातो. मला ते योग्य वाटत नाही. ज्या काळी सभ्य समाज त्या शब्दांची यादी करून ते टाकून देत होता, त्या काळी तेच शब्द पुस्तकाच्या दारावर लावण्याला वेगळे धैर्य लागते, आणि त्याला बोली म्हटले की भाषा, याने त्या धैर्याचे मोल बदलत नाही.

आजचे सांगायचे तर २०२२च्या जनगणनेत १५ लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असे नोंदवले आहे, आणि २०२५मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने कायदा करून गेलिकबरोबर तिलाही अधिकृत दर्जा दिला. तिचे दोन मोठे कोश, एक जुन्या भाषेचा बारा खंडांचा आणि एक अर्वाचीन भाषेचा दहा खंडांचा, १९३१ ते २००२ या काळात प्रसिद्ध झाले. ज्या बोलीला बावीस खंडांचे शब्दभांडार लागते, तिला भाषा म्हणायला मी तरी कचरणार नाही. त्या कोशात 'साइन' या नोंदीखाली शतकाशतकांची अवतरणे ओळीने लावलेली आहेत, आणि ती वाचताना बोलणाऱ्यांची पिढ्यान्पिढ्यांची रांग डोळ्यांसमोर उभी राहते.

प्रश्न : 'ऑल्ड लँग साइन'चे मराठीत भाषांतर कसे करावे? आणि गाताना हात गुंफतात ते केव्हा? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : 'जुने दिवस' एवढेच म्हटले तर अर्थ येतो, पण 'फॉर ऑल्ड लँग साइन' या ओळीतला 'फॉर' सुटतो. तो 'साठी' नसून 'खातर' आहे. एखाद्याने जुनी ओळख काढली की आपण 'जुन्या ओळखीखातर' त्याचे काम करतो, तीच ही 'खातर'. म्हणून 'त्या जुन्या दिवसांखातर' हे मला सर्वांत जवळचे वाटते. पहिली ओळही लोक अनेकदा उलटी समजतात. 'जुनी ओळख विसरावी' असा तो उपदेश नाही. 'जुनी ओळख विसरून जायची की काय?' असा तो प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर 'नाही' हे गृहीत धरलेले आहे. मराठीत हा 'की काय' सोडू नये.

भाषांतर करणाऱ्याची खरी कसोटी मधल्या दोन कडव्यांत लागते. आपण दोघे डोंगरउतारावर धावलो, गोवनची फुले खुडली, पण 'सिन ऑल्ड लँग साइन' थकल्या पावलांनी किती तरी वाट तुडवली. सकाळच्या उन्हापासून जेवणवेळेपर्यंत ओढ्यात पाय बुडवून खेळलो, पण 'सिन ऑल्ड लँग साइन' आपल्यामध्ये रुंद समुद्र गर्जत राहिले. यातला 'सिन' म्हणजे 'तेव्हापासून', आणि तो आपल्या 'साइन'चाच नातलग आहे. एकाच घराण्यातले दोन शब्द एकाच ओळीच्या दोन टोकांना उभे आहेत, आणि ज्या मित्रांबद्दल ते बोलतात तेही असेच दोन टोकांना गेलेले आहेत. हे मराठीत आणता येईल असे मला वाटत नाही. 'तेव्हाच्या त्या दिवसांपासून' असे लिहून 'ते'ची पुनरुक्ती केली तर त्याची थोडीशी सावली पडते.

हातांबद्दल : अनेक ठिकाणी लोक गाणे सुरू होताच हात आडवे गुंफून उभे राहतात. स्कॉटलंडमधली रीत अशी की आधी वर्तुळात नुसते हातात हात धरावेत आणि शेवटचे कडवे सुरू झाले की मगच प्रत्येकाने आपले हात छातीवर आडवे करून उजवा हात डावीकडच्याला आणि डावा उजवीकडच्याला द्यावा. याचे कारण त्या कडव्याच्या शब्दांतच आहे : 'हा घे माझा हात, माझ्या विश्वासू फीर, आणि दे मला तुझा.' 'फीर' म्हणजे सोबती, आणि मुळात त्याचा अर्थ बरोबर वाट चालणारा. पुस्तकांत त्या जागी पुष्कळदा 'फ्रेंड' छापलेले असते. आपण 'फीर'च म्हणावे.